बारावीनंतर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज: मुलीला पाठवावं का? (जरा मोठं उत्तर आहे, वेळ काढून वाचा)

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सांगलीत बारावी सायन्स झालीये, ७८ टक्के, कॉम्प्युटर सायन्स करायचंय. एजंट म्हणतोय की कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करा, पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ॲडमिशन गॅरंटीड, खर्च निम्मा. मेहुणे म्हणतायत की हे डिप्लोमासारखं काहीतरी आहे, व्हिसाच मिळणार नाही. आणि तुम्ही कॉलेजला तीन मेल टाकलेत, एकाचंच उत्तर आलं, तेही दोन ओळींचं. विचारताय, पाठवू का नको.

आधी मी कोण ते सांगते. मी मूळची सोलापूरची, गेली १४ वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम करते, ग्रीन कार्ड मिळाल्यावर डीएसओ झाले, म्हणजे विद्यार्थ्याचा आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) काढणं आणि सेविस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये त्याची नोंद चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी शंभर घरांकडून येतो, आणि खरं सांगायचं तर एजंट आणि मेहुणे दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत.

मेहुण्यांचं आधी घेते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं पॉलिटेक्निक नाही. दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीची पहिली दोन वर्षं इथे करून तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं. इथली गोरगरीब, नोकरी करणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलं याच वाटेने वर येतात. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजेस आहेत. अमेरिकेतलं असं पहिलं कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. शिकवणारे वर्गात तीस-चाळीस मुलांना शिकवतात, नाव घेऊन हाक मारतात. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला तीनशे मुलांच्या हॉलमध्ये बसण्यापेक्षा बुजऱ्या मुलांना हे कितीतरी मानवतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

आता एजंटची गॅरंटी. ती गॅरंटी खरी आहे पण तिला इतक्या अटी आहेत की त्या न सांगता नुसता गॅरंटी हा शब्द वापरणं मला पटत नाही. तिचं नाव टॅग, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहाच कॅम्पसना ती आहे, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यात नाहीत, आणि लोकांच्या डोक्यात यूसी म्हटलं की नेमकी हीच नावं असतात. एका वेळी एकाच कॅम्पसला टॅग करता येतो, अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा, कॅम्पसने ठरवलेला जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) आणि ठरवलेले कोर्स पाहिजेत. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की विषयागणिक बदलतं. सांता बार्बराचं कॉम्प्युटर सायन्स तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात येतं आणि त्या कॉलेजला टॅग लागूच नाही. बाकीच्या कॅम्पसची यादी दर वर्षी नवीन निघते, ती एजंटकडून ऐकू नका, यूसीच्या साइटवर स्वतः उघडून वाचा. कॉम्प्युटर सायन्स सोडून स्टॅटिस्टिक्स, मॅथ्स, इकॉनॉमिक्स असं काही असतं तर मी तुम्हाला याहून सोपं उत्तर दिलं असतं.

टॅगशिवायही ट्रान्सफर होतेच, बर्कलीलाही दर वर्षी कम्युनिटी कॉलेजमधून मुलं जातात. बाहेरच्या विद्यार्थ्याला यूसीत ट्रान्सफरसाठी कमीत कमी जीपीए २.८ लागतो, ६० सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) लागतात, इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स आणि मॅथ्सचा एक लागतो. पण तो नुसता अर्ज करायचा उंबरठा झाला. कॉम्प्युटर सायन्सला खरी निवड याच्या खूप वर होते.

म्हणून मी पालकांना नेहमी सांगते की कम्युनिटी कॉलेज चांगलं का वाईट हा प्रश्नच बाजूला ठेवा. मुलीच्या हातात पहिल्या सेमिस्टरच्या आधी एक कागद आहे का ते विचारा, ज्यावर लिहिलंय की कुठला कोर्स कधी घ्यायचा आणि तो पुढच्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात धरला जाणार. इथे त्याला एज्युकेशन प्लॅन म्हणतात, कौन्सेलर बसवून देतो, फुकट. आणि कुठला कोर्स कुठे धरला जातो हे असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, टाकलं की समोर दिसतं, डावीकडे एकीकडचे, उजवीकडे दुसरीकडचे. ही साइट तुम्ही सांगलीत बसून आज रात्री उघडू शकता, लॉगिन लागत नाही.

हा कागद एवढा महत्त्वाचा का ते एका उदाहरणाने सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. कॉम्प्युटर सायन्सला मॅथ्सची साखळी असते. कॅल्क्युलस एक, मग दोन, मग मल्टिव्हेरिएबल, लिनिअर अल्जिब्रा, काही ठिकाणी डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्स पाहिजे असेल तर ते कॅल्क्युलसच्या मागे बांधलेलं असतं. प्रोग्रामिंगची वेगळी साखळी. एक संपल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. ट्रान्सफर बहुतेक यूसी कॅम्पसना फक्त फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला, होते आणि त्याचा अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे मुलगी ऑगस्टमध्ये आली तर सव्वा वर्षात अर्ज भरायचा आणि त्याच्या पुढच्या मे-जूनपर्यंत साखळी संपवायची. हातात मोजून चार सेमिस्टर. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस एकऐवजी प्रीकॅल्क्युलसमध्ये, म्हणजे त्याच्या आधीच्या कोर्सला, बसवली की साखळी एक सेमिस्टर पुढे सरकते, आणि ते एक सेमिस्टर म्हणजे फॉल ते फॉल हिशोबात अख्खं वर्ष. वर्षाची फी, वर्षाचं भाडं.

आणि प्रीकॅल्क्युलसमध्ये का बसवतात, तर कॉलेजच्या सिस्टिमला तुमच्या मुलीने बारावीला इंटिग्रेशन केलंय हे माहीतच नसतं. मार्कशीटवर लिहिलेलं असतं मॅथेमॅटिक्स, शंभरपैकी एवढे. त्यातून इथल्या माणसाला काय कळणार? त्यासाठी प्रीरेक्विझिट क्लिअरन्सचा, म्हणजे आधीचा कोर्स झालाय हे मान्य करून घ्यायचा, फॉर्म असतो, तो मॅथ्स विभाग किंवा असेसमेंट ऑफिस बघतं. माझ्याकडे येणाऱ्या महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना मी सांगते की बोर्डाचा अकरावी-बारावीचा मॅथ्सचा सिलॅबस इंग्रजीतला प्रिंट काढा, डेरिव्हेटिव्हज, इंटिग्रेशन, व्हेक्टर्स जिथे जिथे आलंय तिथे पेनाने खूण करा, मार्कशीटला जोडा आणि रजिस्ट्रेशनच्या महिनाभर आधी पाठवा. सीबीएसईवाल्यांनीही हेच करावं. एवढ्या चार पानांनी मुलीचं एक वर्ष वाचू शकतं. आय-२० हातात आल्यावर घरात पेढे वाटले जातात आणि या फॉर्मचा कोणी विचारच करत नाही.

आता खर्च. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर फी आहे, इंटरनेटवर जो स्वस्त स्वस्त म्हणून आकडा फिरतो तो हा, आणि तो तुम्हाला लागू नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरवाल्या बऱ्याच कॉलेजात युनिटमागे साधारण ३५० ते ४५० डॉलर पडतात, कॉलेजागणिक आणि वर्षागणिक बदलतं. मधला आकडा ४०० धरला तर ६० युनिटचे दोन वर्षांचे २४ हजार डॉलर. याउलट यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याची नुसती फीच वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास जाते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत मोठी बचत आहे हे खरंय, पण निम्मा खर्च हे खरं नाही. कारण पुढची दोन वर्षं पूर्ण दराने भरायची आहेत, आणि कितीही वर्षं राहिली तरी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मुलगी फीच्या हिशोबात इथली रहिवासी होत नाही. शिवाय राहणं-खाणं दोन्हीकडे तेवढंच. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, ऑरेंज कोस्टसारखी काही अपवाद. खोली शोधायची, शेअर करायची, बसने जायचं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, भाडं हा फीपेक्षा मोठा आकडा होतो कधी कधी. यूसीऐवजी कॅल स्टेटला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीला, गेली, किंवा दुसऱ्या राज्यातल्या कमी फीच्या युनिव्हर्सिटीला, तर गणित बरंच सुसह्य होतं. म्हणून माझं म्हणणं, चार वर्षांचा हिशोब एका कागदावर मांडा आणि तो जमत असेल तरच पहिल्या दोन वर्षांचा विचार करा. तिसऱ्या वर्षी पैसे संपून परत गेलेली मुलं बघताना फार त्रास होतो हो, हुशार मुलं असतात.

कर्ज काढणार असाल तर बँकेला आधीच विचारा की कम्युनिटी कॉलेजच्या आय-२०वर ते किती देतील आणि ट्रान्सफर झाल्यावर पुढच्या कॉलेजसाठी वाढवून देतील का. हे लेखी घ्या.

व्हिसाचं मेहुणे म्हणतात ते पूर्ण चूक नाही. नकार येतो तो बहुतेक वेळा २१४-बी कलमाखाली, म्हणजे तू शिकून परत जाशील किंवा खरंच शिकायलाच चालली आहेस हे मला पटलं नाही. कम्युनिटी कॉलेज म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो हेच कॉलेज का. जी मुलं एजंटने पाठ करून घेतलेलं उत्तर देतात, ग्रेट फॅकल्टी, ग्रेट कॅम्पस, त्यांचं अवघड होतं. जी मुलगी सांगू शकते की मला पुढे अमुक युनिव्हर्सिटीत अमुक मेजर करायचंय, त्यांना हे हे कोर्स लागतात, ते या कॉलेजात आहेत, दोन वर्षांत एवढा खर्च येतो आणि पुढच्या दोन वर्षांसाठी वडिलांनी अशी तरतूद केलीये, तिचं बोलणं वेगळं ऐकू येतं. तरीही खात्री कोणीच देऊ शकत नाही. घरची परिस्थिती, आधीचे नकार, मार्क, त्या वेळचं धोरण, सगळं येतं त्यात. २०२५च्या जूनपासून विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची अकाउंट पब्लिक ठेवायला सांगतायत, तेही बघून घ्या. व्हिसाचा अर्ज १८५ डॉलर, सेविसची फी ३५० डॉलर, आणि नकार आला म्हणून व्हिसाची फी परत मिळत नाही.

आता तुमच्या मेलबद्दल, कारण यात आमच्या ऑफिसांची बाजूही सांगावीशी वाटते. इंटरनॅशनल ऑफिस किंवा ग्लोबल प्रोग्राम्स असं नाव असलेल्या खोलीत बऱ्याचदा चार-पाच माणसं असतात आणि त्यांच्याकडे ॲडमिशन, आय-२०, आलेल्या मुलांचा व्हिसा स्टेटस, इन्शुरन्स, कधी कधी इथल्या मुलांना परदेशी पाठवायचे प्रोग्राम हेही असतं. सेमिस्टर सुरू झालं की ३० दिवसांत प्रत्येक मुलाची नोंद सेविसमध्ये करावी लागते. ऑगस्टचा शेवट, सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारी, या काळात मेल टाकलात तर उत्तर उशिराच येणार. दुसरं म्हणजे मेल चुकीच्या खिडकीवर जातो. फी भरली पण दिसत नाही, हे कॅशिअरचं काम. मार्कशीट पोचली का, हे ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्सचं. कुठला कोर्स घेऊ, हे कौन्सेलरचं. एवढं सगळं एका मेलमध्ये लिहिलं की तो मेल चार टेबलांवर फिरतो आणि कोणाचाच होत नाही. एका मेलमध्ये एकच प्रश्न, विषयाच्या जागी मुलीचं नाव आणि स्टुडंट आयडी, बास. माझ्याकडे असे मेल आले की मी चहा पिता पिता उत्तर देऊन टाकते.

फीचंच एक सांगते. सांगलीच्या बँकेतून वायर केलीत आणि रिमार्कमध्ये स्टुडंट आयडी नाही लिहिला तर पैसे कॉलेजच्या खात्यात येऊन पडतात पण कोणाचे ते कळत नाही. तोवर फी न भरल्यामुळे सिस्टिम रात्रीत सगळे कोर्स काढून टाकते, आणि कॅल्क्युलसची सकाळची जागा वेटलिस्टवरच्या मुलाला जाते. कॉलेजने फ्लायवायरसारखी ऑनलाइन फी भरायची सोय दिली असेल तर तीच वापरा, त्यात आयडी आपोआप जातो. आणि शेवटच्या तारखेच्या आधी आठ-दहा दिवस तरी हातात ठेवा.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे विदर्भातला एक मुलगा होता, पहिलंच सेमिस्टर. मॅथ्स पाच युनिट, फिजिक्स चार, इंग्लिश तीन, बरोबर बारा. एफ-१वर सेमिस्टरला कमीत कमी बारा युनिट लागतातच, आणि त्यात ऑनलाइन फक्त एकच कोर्स धरतात. फिजिक्स जमेना, मित्र म्हणाले सी ग्रेड घेण्यापेक्षा डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) बरा, याने एका रात्री पोर्टलवर जाऊन फिजिक्स ड्रॉप केलं. पोर्टलने अडवलं नाही, कारण पोर्टलला व्हिसा कळत नाही. दोन आठवड्यांनी माझ्या लिस्टमध्ये त्याच्या नावापुढे आठ युनिट दिसले. समोर बसला तेव्हा त्याला कळतच नव्हतं की आपण काय केलंय. ड्रॉप करायच्या आधी तो माझ्याकडे आला असता तर चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं गेलं या कारणाखाली मी त्याला कमी युनिटची परवानगी देऊ शकले असते, नियमातच ती सोय आहे, एकदा मिळते. आजारपणासाठी डॉक्टरच्या पत्रावर वेगळी आहे. पण परवानगी आधी लागते, नंतर देता येत नाही. स्टेटस गेलं, रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे स्टेटस परत मिळवायचा, अर्ज, कित्येक महिने वाट बघणं, कॅम्पसवरची नोकरी बंद. शेवटी झालं त्याचं नीट. त्याची आई रोज रात्री मला फोन करायची, ते अजून आठवतं.

आणि त्या आईला मी काहीच सांगू शकत नव्हते, हे तुम्हीही आत्ताच समजून घ्या. इथे फर्पा नावाचा कायदा आहे. मुलगी कॉलेजला लागली की तिच्या रेकॉर्डवर हक्क तिचा, मग फी तुम्ही भरत असा किंवा वय सतरा असो. तिने लेखी संमती दिल्याशिवाय मी तुम्हाला ती वर्गात जाते का, पास झाली का, काहीही सांगू शकत नाही. आपल्याकडे वडील कॉलेजात जाऊन सरांना भेटतात, इथे ते चालत नाही आणि बऱ्याच बाबांना याचा फार राग येतो. संमतीचा फॉर्म असतो, द्यायचा का नाही ते तुम्ही दोघं बसून ठरवा. पण संमती असली तरी माझा अनुभव असा की ज्या घरी सगळे मेल बाबाच लिहितात त्या घरची मुलं इथे आल्यावर पहिल्या अडचणीला ऑफिसात यायला घाबरतात. म्हणून पुढचा मेल तुम्ही लिहू नका. तिला लिहू द्या. व्याकरण चुकलं तरी चालेल.

मग पाठवायचं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, चार वर्षांच्या पैशांची सोय पक्की असेल, मुलगी स्वतः विचारणारी असेल आणि यूसी नाही मिळालं तर कॅल स्टेटचं कॉम्प्युटर सायन्स तिला चालणार असेल, तर पाठवा. पैसे फक्त पहिल्या दोन वर्षांचे असतील आणि पुढचं तिथे नोकरी करून बघू असा विचार असेल, तर माझं उत्तर नको असं आहे. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातून किराणा निघतो, फी निघत नाही. असोसिएट डिग्रीवर एक वर्षाचं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळतं आणि पुढे बॅचलर्सवर पुन्हा वेगळं, पण स्टेमची (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) २४ महिन्यांची वाढ बॅचलर्स किंवा त्यापुढच्या डिग्रीवरच मिळते. हे एजंटने सांगितलं नसेल तर विचारा त्याला.

या आठवड्यात एवढं करून बघा. तिला असिस्टवर बसवा, दोन कॉलेजेस आणि तीन युनिव्हर्सिटी निवडू द्या, मेजर कॉम्प्युटर सायन्स, आणि मॅथ्सची साखळी तिच्या हाताने वहीत उतरवू द्या. त्या पानाचा फोटो इथे टाका, कॉलेजचं नाव आणि ते सेमिस्टर का क्वार्टर पद्धतीचं आहे तेही लिहा, कारण डी अँझा, फूटहिलसारख्या कॉलेजात क्वार्टर असतात आणि तिथे ६०च्या जागी ९० युनिट मोजतात, साखळीचं गणित वेगळं पडतं. मी शनिवारी सकाळी मोकळी असते, बघून कुठे अडेल ते सांगते.